रुग्णांशी बोलायचं कसं: गटचर्चा की सखोल मुलाखत?

फॅमिली मेडिसिनच्या प्रबंधासाठी गुणात्मक अभ्यास (आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यातून कारणं शोधणारा) घेतला की गाडी आधी इथेच अडते. चोपडा तालुक्यातल्या गावांत मी दोन्ही पद्धती वापरल्या. विषय होता, बीपीच्या गोळ्या लोक मध्येच का सोडतात.

गटचर्चेचं मोल मोठं आहे. सहा-आठ जणी बसल्या की एकीच्या बोलण्यावरून दुसरीला आठवतं आणि गाव औषधांबद्दल काय मानतं ते तासाभरात कळतं. आशाताईंबरोबर, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्य कार्यकर्त्यांबरोबर, मी आजही गटचर्चाच घेईन. काम एकच असल्यानं त्या एकमेकींचं बोलणं तिथल्या तिथे दुरुस्त करतात.

रुग्णांच्या बाबतीत मात्र मला रेकॉर्डिंग उतरवून काढणं नको झालं. वर पंखा, बाहेर ट्रॅक्टर आणि चौघी एकदम अहिराणीत बोलतायत. ‘बरं वाटनं, मंग गोळी सोडी दिनी’ हे लख्ख ऐकू येतं, पण म्हणालं कोण? बसण्याचा क्रम लिहून ठेवला, बोलण्याआधी प्रत्येकीला आपला क्रमांक सांगायला लावला. चर्चा रंगली की क्रमांक कुणाच्या ध्यानात राहतो! आणि बोलणारी कोण, यावरच तर अर्थ ठरतो. रोजंदारीवर जाणारीला गोळ्या आणायला गेलं की मजुरी बुडते. घरी असणारीचं कारण निराळं असतं. नाव सुटलं की विश्लेषणात दोघी एकच होतात.

मुलाखतीत हा घोळ नाही. एका सुनेनं पिठाच्या डब्यामागून गोळ्यांची पाकिटं काढून दाखवली. सासरी ‘आजारी’ म्हणवून घ्यायचं नव्हतं. सासूसमोर, गटात, हे निघालं असतं असं मला वाटत नाही. शिवाय गोपनीयतेचा शब्द तुम्ही स्वतःपुरता देऊ शकता, गटातल्या बाकीच्यांच्या वतीनं नाही.

वेळ जास्त जातो, हे खरं. पण संख्येला फार घाबरू नका. गेस्ट या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी २००६ साली आपल्या ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा पहिल्या १२ मध्येच बहुतेक मुद्दे येऊन गेले होते. तुमचे रुग्ण फार वेगवेगळ्या थरांतले असतील तर जास्त लागतील.

मार्गदर्शकांचा गटचर्चेचा आग्रह असेल तर एक आशाताईंची घ्या, तिच्यातून प्रश्न ठरवा आणि मग घरोघरी जा. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरं बंद असतात. तेव्हा दिवेलागणीनंतरची वेळ मागून घ्या.