ठासणीच्या स्वस्त रायफलीचा नेम: आठ महिन्यांनंतर शेरा बदलतोय

50 यार्डांवर 5 गोळ्या आणि 7 इंचांचा पसारा. पहिल्या महिन्यात या रायफलीने कागदावर हे दाखवलं, आणि "नळीतल्या खाचा उथळ आहेत, या किमतीत एवढंच मिळणार" असा शेरा तेव्हा मारला होता. तो मागे घेतोय. तीच नळी, तोच दस्ता, नेम धरायची पुढची माशीही तीच, आणि आता 50 यार्डांवर पाच गोळ्या 2 इंचांच्या आसपास बसतात. मधल्या काळात खर्च झाला तो थोड्या कापडावर, एका पॉलिश पेपरवर आणि मागच्या एका साध्या साइटवर.

रायफल नेहमीचीच, दारू आणि गोळी तोंडातून ठासून भरायची: .50 कॅलिबर (म्हणजे अर्ध्या इंचाची नळी), टोपीवर (आपटल्यावर ठिणगी देणाऱ्या छोट्या धातूच्या कुपीवर) उडणारी, ती टोपी फोडणारं लॉक बाजूला, 28 इंच नळी, 48 इंचांत एक पीळ, म्हणजे आतल्या वळणदार खाचांचा एक पूर्ण फेरा. हा पीळ तडजोडीचा आहे. कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीला 60 ते 66 इंचांत एक असा सैल पीळ मानवतो, लांबट गोळीला 28-32 इंचांचा घट्ट. 48 मध्ये दोन्ही चालतात, पण गोल गोळीला दारू बेतानेच घालावी लागते. वर खाचा उथळ असल्या की गोळीभोवतीचं कापड अचूक मापाचं असावंच लागतं. खोल खाचांच्या महागड्या नळ्या कापडातली थोडीफार चूक पोटात घालतात, ही घालत नाही. पहिल्या महिन्यात नेमकं हेच लक्षात आलं नव्हतं.

आता चिंधीबद्दल, म्हणजे गोळीभोवतीच्या त्या कापडाच्या तुकड्याबद्दल, आणि यावर जास्त लिहिणार आहे, कारण बाकीचं सगळं हिच्यापुढे दुय्यम आहे.

बार उडाल्यावर चिंधी पुढे दहा-पंधरा पावलांवर पडते. ती उचलून बघायची. चांगली चिंधी गोल आणि अखंड असते, मधोमध करडा डाग, भोवती खाचांचे समान अंतरावरचे ठसे, कडा किंचित विसविशीत. जवळजवळ परत वापरता येईल अशी. आमच्याकडे पडत होत्या त्या दोन प्रकारच्या. काहींच्या मध्यभागी करपलेलं भोक होतं. गोळी जिथे टेकते त्या कडेवर काहींना ब्लेडने कापल्यासारख्या चिरा होत्या. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे. भोक म्हणजे कापड पातळ, ओशटपणा कमी किंवा दारू जास्त, त्यामुळे गरम वायू कापडातून पुढे गेला. चिरा म्हणजे नळीच्या तोंडाची नाहीतर खाचांमधल्या उंचवट्यांची धार अजून मोडलेली नाही, आणि गोळी आत ढकलतानाच कापड कापलं जातंय.

चिरा कधी पडतात ते पक्कं करायची सोपी रीत आहे. दारू न घालता, टोपी न लावता, चिंधीसकट गोळी दोनेक इंच आत ढकलायची आणि गोळी काढायच्या स्क्रूने परत ओढून काढायची. चिंधी तेव्हाच कापलेली निघाली तर दोष तोंडाचा. इथे तसंच निघालं.

आता तयार चिंध्यांचं. पाकिटावर जाडी .015 इंच छापलेली. मायक्रोमीटरमध्ये दाबून मोजली तर 12 थाऊ, क्वचित 13. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) हिशेब मांडून बघा. उंचवट्यांवर नळीचं माप .500. खाचा 6 थाऊ खोल, म्हणजे तळापासून तळापर्यंत .512. गोळी .490, दोन्ही बाजूंचं कापड मिळून 24 थाऊ, एकूण .514. खाचेच्या तळाशी कापड एका बाजूला जेमतेम 1 थाऊ दाबलं जातंय! तिथून वायू सुटणार, कापड जळणार आणि गोळी प्रत्येक वेळी वेगळ्या वेगाने निघणार. त्यात ही पाकिटं आधीच तेल लावलेली असतात. तेल जुनं होऊन वाळतं, धागा कुजका होतो, बोटांनी ओढलं तरी फाटतो. अशा चिंध्यांना रायफलीसोबत "योग्य" म्हणून विकणं चूक आहे. नवा माणूस दोष नळीला देतो आणि रायफल फुंकून टाकतो.

इलाज म्हणजे गादीपाट, गादीच्या खोळीचं कापड. शंभर टक्के सुती, घट्ट विणीचं. सूत खरं आहे का ते धागा जाळून कळतं: सुती धाग्याची राख होते, कृत्रिम धाग्याचा वितळून मणी होतो, आणि तो मणी नळीत नको. कापड दोनदा धुऊन खळ काढायची, वाळवायचं, मग दाबून मोजायचं. मिळालेलं कापड 18 थाऊ भरलं. आता .490 अधिक 36 म्हणजे .526. खाचेच्या तळाशी बाजूला 7 थाऊ दाब. गोळी छोट्या दांड्यावर तळहाताचा एक सणसणीत फटका मारल्यावर आत जाते, पुढे गज (गोळी खाली ठासायची लांब दांडी) सरळ चालतो. .495 ची गोळी याच कापडात घातली तर हातोडी लागते आणि मऊ शिसं माथ्यावर चेपतं. त्यामुळे .490 वरच थांबलो. तेल म्हणून मेण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वितळवून, कापडात मुरवून, जास्तीचं पिळून काढलेलं. मोटारीचं तेल किंवा पेट्रोलियमचं ग्रीस काळ्या दारूबरोबर डांबरासारखं चिकट कीट करतं, ते टाळा.

नळीच्या तोंडासाठी 400 नंबरचा पॉलिश पेपर, तेलात भिजवून, अंगठ्याच्या पेराखाली धरायचा आणि अंगठा तोंडावर गोल फिरवायचा. दर मिनिटाला नळी पाव वळसा फिरवायची, म्हणजे एकाच बाजूला झीज होत नाही. दहा मिनिटं पुरली. सुती कापड तोंडावरून ओढल्यावर कुठेच अडकलं नाही की थांबायचं. आतल्या उंचवट्यांसाठी भांडी घासायच्या हिरव्या घासणीचा तुकडा गजावर गुंडाळून, तेल लावून, पूर्ण लांबीच्या पन्नास फेऱ्या मारल्या. त्यानंतरच्या चिंध्यांवर एकही चीर नाही.

दारूचा प्रयोग यानंतर करायचा, आधी नाही. चिंधी जळत असताना दारू कमीजास्त करून काही कळत नाही, नुसती दारू वाया जाते. 3एफ (बारीक दाण्याची) काळी दारू 50 ग्रेनपासून, 5-5 ने वाढवत, प्रत्येक मापाला पाच गोळ्या. या नळीला 60 मानवलं. 65 ला जवळपास तेवढंच, 75 पासून पसारा पुन्हा उघडतो आणि चिंधीच्या मध्याला करप दिसू लागते. दारूचे ग्रेन म्हणजे खुणा असलेल्या मापाने भरलेले, वजन करून नाही. डब्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही, आत ठिणगी राहिली असेल तर हातातला डबाच उडेल. मापात घ्या, मापातून ओता. आणि आधुनिक काडतुसांतली धूररहित दारू या नळीत चिमूटभरसुद्धा नाही, नळी फुटते.

गज दर वेळी सारख्या जोराने दाबा आणि गोळी दारूवर टेकल्यावर तोंडाशी गजावर खूण करा. पुढच्या बाराला खूण वर राहिली तर गोळी अडकलेली आहे. मधे पोकळी ठेवून बार काढला तर नळीला फुगवटा येतो, क्वचित फाटतेही. दोन बारांमध्ये नळी पुसायला एक दमट चिंधी दोन्ही बाजूंनी आणि एक कोरडी, एवढंच. दमट म्हणजे ओली नव्हे. ओल्या चिंधीने कीट खाली ढकललं जातं आणि बार फुसका जातो.

गोळ्यांचं थोडक्यात: शुद्ध मऊ शिसं, नखाने ओरखडा उठला पाहिजे. .490 ची गोळी वजनाला सुमारे 177 ग्रेन भरते. दोनेक ग्रेनपेक्षा हलकी निघाली तर आत हवेचा बुडबुडा आहे, परत वितळवा. ओतलेल्या गोळीचा चपटा डाग वर, मधोमध.

आता जो दोष गेलेला नाही तो. ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या बंद टोकात, दारूची जागा नळीपेक्षा अरुंद आहे, आणि निपलपासून (जिच्यावर टोपी बसते ती पोकळ बोंडी) तिथपर्यंतची वाट त्याहून बारीक आणि वळणाची. तेल तिथे साचतं. मग टोपी फुटते, क्षणभर काही होत नाही आणि नेम हलल्यावर बार उडतो. कागदावर एकटीच भरकटलेली गोळी बहुतेक वेळा हीच. रायफल तोंड खाली करून उभी ठेवली तर तेल ब्रीचकडे उतरत नाही. भरण्याआधी ब्रीचच्या जागेत छोट्या कॅलिबरचा ब्रश आणि कोरडी चिंधी फिरवायची, मग रिकाम्या नळीवर दोन टोप्या, तोंड सुरक्षित दिशेला गवताच्या पात्याजवळ. पातं हललं तर वाट मोकळी. खऱ्या काळ्या दारूला ठिणगी लवकर लागते, पर्यायी दारूला जास्त उष्णता लागते, म्हणून अशा ब्रीचमध्ये ती जास्त अडते. बार उडालाच नाही तर निदान मिनिटभर तोंड निशाणाकडेच.

मागचं प्लास्टिकचं साइट दर वीस-पंचवीस बारांनी सैल व्हायचं. पाचव्या महिन्यात साधं लोखंडी बसवलं. चाप जड आहे, सवय होते. दस्त्याचं लाकूड ठीक.

माशी घासण्याआधी हिशेब करा. दोन साइटांमधलं अंतर 24 इंच असेल तर 50 यार्डांवर, म्हणजे 1800 इंचांवर, 3 इंचांचा फरक पाडायला माशीची उंची 40 थाऊ कमी व्हावी लागते, साधारण 1 मिलिमीटर. गोळी खाली लागत असेल तरच घासायची, माशी कमी केली की गोळी वर जाते. कानशीचे चार हात, मग पाच गोळ्या, मग परत चार हात. एकदाच मिलिमीटरभर उडवू नका, घासून गेलेला धातू परत चढवता येत नाही. आणि हे सगळं चिंधी ठरल्यावर. इथे कापड बदललं तेव्हा गोळ्या दीड इंच वर गेल्या. आधीच माशी घासली असती तर आज नवी माशी लागली असती.