मास्टरमाइंड गेम : सहावी ते आठवीच्या पोरांसाठी घ्यावा का?

आधीच सांगते, स्कॉलरशिप नाहीतर होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा डोळ्यासमोर ठेवून घेणार असाल तर राहू द्या, मार्क वगैरे काही वाढत नाहीत याने. बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकात प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो, पोराने फक्त चारातला एक गोल काळा करायचा. इथे पुढचा प्रश्न काय विचारायचा हे पोरानेच ठरवायचं असतं, आणि माझे पैसे वसूल झाले ते याच गोष्टीवर.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, एकाने झाकणामागे चार रंगीत पिना लपवून लावायच्या, रंग सहा, रंग परत वापरला तरी चालतो. दुसऱ्याने अंदाज लावायचा, रंग आणि जागा दोन्ही बरोबर असेल तर एक काळी पीन, रंग बरोबर पण जागा चुकली तर पांढरी. बास एवढंच. गेम जुना आहे, १९७० च्या दशकातला, मॉर्डेकाय मायरोविट्झ नावाच्या इस्रायली माणसाने काढलेला. एकूण १२९६ कोड होऊ शकतात आणि डोनाल्ड कनूथ या कॉम्प्युटरवाल्या गणितज्ञाने १९७७ मध्ये दाखवून दिलं की नीट खेळलं तर कुठलाही कोड जास्तीत जास्त पाच चालींत सापडतो. आमच्या घरात पाचात कोणाचाच होत नाही, सात-आठ लागतातच, ते असो.

माझी मुलगी सातवीत. सुरुवातीला नुसते रंग लावत सुटायची, आवडता जांभळा दर वेळी पहिला. एकदा तिने लाल लाल निळा निळा लावलं आणि एकपण पीन मिळाली नाही, तोंड पाडून बसली. मी म्हटलं अगं मोज तरी, आता लाल नाही निळा नाही, चारच रंग उरले, म्हणजे किती कोड उरले? २५६. एका झटक्यात १०४० कोड बाद! तेव्हापासून शून्य पिना आल्या की ही नाचते. विज्ञानाच्या पुस्तकात प्रयोग म्हणजे कृती, निरीक्षण, निष्कर्ष असं लिहून पाठ करायचं, निष्कर्ष आधीच माहीत असतो, त्यामुळे "नाही" हे उत्तरपण कामाचं असतं हे पोरांना कळायला जागाच नसते हो.

पण नुसता डबा हातात देऊन मोबाइल बघत बसाल तर काही शिकणार नाहीत. शेजारी बसून एकच विचारायचं, हा अंदाज तुझ्या आधीच्या सगळ्या उत्तरांशी जुळतो का? निम्म्या वेळा जुळत नाही. पहिल्या ओळीत पिवळा लावून एकही पीन मिळाली नाही तरी चौथ्या ओळीत पिवळा हजर. मग एक दिवस ती मलाच म्हणाली, आई हा पिवळा बाद आहे मला माहितीये, मी रिकामी जागा भरायला लावलाय, मला फक्त हिरव्याची जागा बघायचीये. मी गप्प 😄 कनूथच्या पद्धतीतपण म्हणे कधीकधी मुद्दाम असा अंदाज लावतात जो उत्तर असूच शकत नाही, कारण त्यातून जास्त कळतं.

अजून एक मजा, धाकटा कोड लावायला बसला की पिना चुकीच्या देतो. मग ताई कागदावर सगळं मांडते, एकही कोड बसत नाही, आणि शेवटी भांडण, "तूच कुठेतरी चुकीचं सांगितलंयस". झाकण काढलं तर खरंच तसं. डेटाच चुकीचा असू शकतो हे यापेक्षा स्वस्तात कुठे शिकायला मिळणार?

आता तक्रारी. नियमांचा कागद इंग्रजीत, मुंगीएवढी अक्षरं, आणि रंग दोनदा आला तर काय करायचं हे धड लिहिलेलंच नाही. कोडमध्ये लाल एकदाच, पहिल्या जागी, आणि अंदाजात पहिले दोन्ही लाल, तर एकच काळी मिळते, दुसऱ्या लालला काही नाही. हे आधीच सांगून ठेवा नाहीतर रडारड. दुसरं, काळ्या-पांढऱ्या पिना कुठल्याही क्रमाने लावतात, पहिली पीन म्हणजे पहिली जागा असं नसतं, नवीन पोरं इथे हमखास फसतात. पिना बारीक आहेत, आमच्या दोन सोफ्याखाली गेल्या त्या गेल्याच, घरात रांगतं बाळ असेल तर डबा वरच ठेवा. लाल-हिरवा ओळखायला त्रास होणारं पोर असेल तर रंगांपेक्षा आकडे बरे.

आणि आकड्यांवरून आठवलं, विकत घ्यायच्या आधी वहीच्या मागच्या पानावर खेळून बघा. १ ते ६ मधले चार वेगवेगळे आकडे लपवायचे, ३६० च कोड होतात, पाचवीतलं पोरसुद्धा खेळतं. आवडलं तर मग डबा घ्या. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक त्या नियमांच्या कागदासाठी कापला.