हळदीचा पिवळा आणि २७ इंची मॉनिटर : नऊ महिन्यांनंतर

सांगलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स चालूच असतात, पण खरी रोजीरोटी हळद आणि बेदाण्याच्या पाकिटांवर. म्हणजे दिवसभर पिवळा रंग. त्यामुळे हा अनुभव गेम खेळणाऱ्यांच्या फारसा कामाचा नाही.

जुना मॉनिटर २२ इंची, टीएन पॅनलचा (पॅनल म्हणजे आतला पडदा; टीएन, व्हीए, आयपीएस हे त्याचे प्रकार). खुर्चीत जरा खाली सरकलं की पिवळा काळवंडायचा, उभं राहिलं की फिका. मला एक रंग दिसायचा आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दुसरा, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

नवीन घ्यायला गेलो तर दुकानात ओळीनं पाच मॉनिटर, पाचांवर तोच रंगीत माशांचा व्हिडिओ, ब्राइटनेस शंभरावर. त्यातला एक व्हीए पॅनलचा होता आणि त्याचा काळा म्हणजे हरिपूरच्या, हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवात डोकावल्यासारखा. व्हीएचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) साधारण ३०००:१, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास, त्यामुळे शेजारचा आयपीएस राखाडीच वाटत होता. व्हीए जवळजवळ उचललाच होता. नशीब, पिशवीत माझंच एक छापील पाकीट आणि पेनड्राइव्हवर त्याची फाइल होती. ती उघडून मी दोन पावलं बाजूला सरकलो. व्हीएवरच्या गडद छटा उडाल्या, आयपीएसवर जागच्या जागी राहिल्या. आयपीएस घेतला, २१ हजारांना. कंपनीचं नाव सांगून फार उपयोग नाही. खोक्यावर कुणाचंही नाव असलं तरी आतलं पॅनल बहुतेक एलजी डिस्प्ले, एयूओ, बीओई अशा मोजक्या कारखान्यांतलं असतं.

पहिल्याच महिन्यात तोंडघशी पडलो. एका शेठनी स्क्रीनवर पाकीट पाहून तिथल्या तिथे ऑर्डर दिली. छपाई होऊन आली तेव्हा पाकीट टेबलावर टाकत म्हणाले, “काय ओ हे? दाखवलीत राजापुरी हळद आणि छापलंत बेसन!”

चूक माझीच. मॉनिटर डीसीआय-पी३ या सिनेमासाठीच्या रंगपल्ल्यातले ९५ टक्के रंग दाखवणारा, म्हणजे एसआरजीबी या संगणकावरच्या नेहमीच्या रंगपल्ल्यापेक्षा बराच मोठा पल्ला. रंगांचं प्रोफाइल (कोणता आकडा म्हणजे नेमका कोणता रंग याची नोंद) न पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एसआरजीबीचेच आकडे त्या मोठ्या पल्ल्यावर ताणले जातात आणि साधा पिवळाही रसरशीत दिसतो. छपाईची शाई कुठून तेवढी रसरशीत येणार? जे बघून मी खूश होत होतो तीच गडबड होती. आता कायम एसआरजीबी मोड. पहिले चार दिवस सगळं मेल्यासारखं वाटलं, पण पाकीट स्क्रीनशेजारी धरलं की पटतं. सही घ्यायच्या आधी कागदावरचा प्रूफ तरीही काढतोच.

या मोडमध्ये एक वैताग आहे : ब्राइटनेसला कुलूप. तपासायची माझी पद्धत साधी. स्क्रीन पूर्ण पांढरी करायची आणि शेजारी कोरा ए-फोर कागद धरायचा. कागद मळकट दिसला तर स्क्रीन जास्त उजळ आहे. माझी होती, आणि कमी करता येईना. शेवटी टेबलावर ६५०० केल्विनची ट्यूब लावून खोलीच उजळ केली. उलटा कारभार, पण चाललंय.

दोन आठवडे काळा रंग राखेसारखा दिसत होता, तो मात्र पॅनलचा दोष नव्हता. एचडीएमआयवरून ग्राफिक्स कार्ड टीव्हीच्या हिशेबानं, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६ ते २३५ एवढेच आकडे पाठवत होतं. सेटिंगमध्ये ‘फुल’ करून ० ते २५५ केलं आणि काम झालं. मॉनिटर परत करायच्या आधी एवढं बघाच.

लग्नसराईत रात्री दिवे मालवून काळी स्क्रीन पाहिली तर उजव्या खालच्या कोपऱ्यात पांढुरकी झाक. डोकं हलवल्यावर ती सरकली, म्हणजे आयपीएसची नेहमीची झाक. डोकं हलवूनही तिथेच राहिली असती तर कडेनं उजेड झिरपतोय म्हणायचं. मोबाइलनं फोटो काढून घाबरू नका, त्यात ती फार भडक येते.

अक्षरांबाबत शंभर टक्के समाधान. २७ इंचात २५६० बाय १४४०, म्हणजे इंचाला १०९ पिक्सेल. जुन्यावर ९० होते. पत्रिकेतल्या बारीक मजकुरात ‘रु’ आणि ‘रू’ आता झूम न करता वेगळे दिसतात. याच आकारात १९२० बाय १०८० घेतलात तर ८२ वर याल, आणि रफार-अनुस्वार शोधत बसाल.

खोक्यावरचा एचडीआरचा (जास्त उजळ-गडद चित्राचा) शिक्का विसरा. स्टँड टाइप करताना डुलतो. चौथ्या महिन्यात एक पिक्सेल लाल अडकला. मी धूळ समजून दोन दिवस पुसत होतो. सर्व्हिसवाले म्हणाले, एका पिक्सेलला वॉरंटी नाही.

ते शेठ परवा पुन्हा आले, नवीन अर्धा किलोच्या पाकिटासाठी. या वेळी जुनं पाकीट स्वतःच स्क्रीनला लावून धरलं, बराच वेळ बघितलं आणि “हा पिवळा,” म्हणत बोट थेट स्क्रीनवर टेकवलं. सकाळपासून सौद्यात हळद हाताळलेलं बोट. ते गेल्यावर ठसा ओलसर मऊ फडक्यानं पुसला. स्पिरिट लावू नका, वरचं कोटिंग खराब होतं.