मागच्या दारावरचं घडीचं टेबल: नऊ महिन्यांनंतर

कॅम्पर व्हॅनच्या मागच्या दाराला आतून घडीचं टेबल बसवून आता नऊ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक आलं असतं. आज त्या टेबलाची बिजागरी तेवढी मूळची आहे, बाकी जवळपास सगळं बदलून झालंय. तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

आमच्या व्हॅनला मागे दोन झडपांचं दार आहे. बाजूच्या सरकत्या दाराचा विचार आधी केला होता, पण ते उघडलं की त्याची आतली बाजू गाडीच्या अंगाला जाऊन भिडते, टेबल उघडायला जागाच उरत नाही. मागची झडप मात्र ९० अंशांवर अडकून उभी राहते आणि आतली बाजू आपल्यासमोर येते. टेबलाची बिजागरी खालच्या कडेला, फळी वर उचलून कडीने अडकवायची, हवी तेव्हा खाली सोडायची; खाली सोडलेली फळी दारापासून तिरप्या येणाऱ्या दोन साखळ्यांवर तोलायची. कागदावर इतकं सोपं दिसत होतं की मी एका दुपारचं काम धरलं होतं.

पहिली चूक उंचीची. मी टेप गाडीच्या आतल्या फरशीवर टेकवून माप घेतलं आणि ७५ सेंटिमीटरवर खूण केली. टेबल वापरायचं मात्र खाली जमिनीवर उभं राहून! गाडीची फरशीच जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर. म्हणजे टेबल माझ्या खांद्याच्या आसपास आलं असतं. भोक पाडायच्या आधी लक्षात आलं, एवढंच नशीब. उभ्याने काम करायला जमिनीपासून ९० सेंटिमीटर बरं पडतं, म्हणजे फरशीपासून फक्त ३०. दारावर ती खूण इतकी खाली दिसते की माप चुकलं असंच वाटतं.

ड्रिल दादाच्या हातात होतं. दाराचं अस्तर काढल्यावर आत कुलपाचे दांडे, काचेच्या हीटरची वायर आणि पाणी अडवायला लावलेला प्लास्टिकचा पडदा निघाला. दादाने बिटला चिकटपट्टीची खूण बांधली, म्हणजे ते पत्र्याच्या पलीकडे फार आत घुसणार नाही. माझं आपलं चालू होतं, चार स्क्रू मारून टाक. तो म्हणाला, "अगं, ही भिंत नाही, दार आहे. हे आपटणार." मी ऐकलं नाही, पत्र्यात घुसणारे स्क्रूच मारायला लावले.

दीड महिन्यात ते सैल झाले. आतला पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, त्यात स्क्रूच्या एखाद-दुसऱ्या आट्याचीच पकड. दार रोज आपटलं जातं, रस्त्यावर सतत थरथरतं, आणि भोकं हळूहळू लांबट होत जातात. मग पुन्हा सगळं खोलून रिव्हेट नट बसवले, एम ६ मापाचे, त्यासाठी ९ मिलिमीटरची भोकं. नट पत्र्यामागे दबून फुगतो आणि बोल्टला पोलादी आटे मिळतात. घेताना जस्ताचा मुलामा असलेले पोलादीच घ्या. लोखंडी पत्र्यात ॲल्युमिनियमचा नट आणि वर ओल, म्हणजे गंजाला आमंत्रण. पाडलेल्या भोकाच्या कडेला प्रायमर लावायचा कंटाळा करू नका. माझ्या लांबट झालेल्या एका भोकात नट गरागरा फिरायला लागला; शेवटी पत्र्यामागून लोखंडी पट्टी टाकून दोन बोल्ट तिच्यातच कसले.

साखळ्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक जण इथेच फसतात. माझी मूळ फळी ७० बाय ४५ सेंटिमीटरची होती, १२ मिलिमीटर बर्च प्लायची, वजन अडीच किलोच्या आसपास. साखळीचं वरचं टोक मी दारावर बिजागरीपासून २६ सेंटिमीटर वर घेतलं होतं, म्हणजे साखळीचा टेबलाशी कोन जेमतेम ३० अंश. आता बाहेरच्या कडेवर १० किलो ठेवले तर दोन्ही साखळ्यांवर मिळून २० किलोचा ताण येतो आणि त्यातले १७ किलो वरच्या बोल्टांना सरळ पत्र्यातून बाहेर ओढतात. कोन ४५ अंश केला की ताण १४ वर येतो आणि ओढ १० वर. वजन तेच, फक्त बोल्ट वर सरकवायचा. चौथ्या महिन्यात मी फळी कापून ६० बाय ३८ केली आणि वरचे बोल्टही ३८ सेंटिमीटरवर नेले. त्यानंतर पत्रा आत-बाहेर होणं थांबलं. कापलेल्या सात सेंटिमीटरची आठवण आजवर एकदाही आली नाही.

मधल्या काळात आधाराला जमिनीवर टेकणारा पाय लावून पाहिला होता. तो बेत दोन दिवसही टिकला नाही. टेबलाची एक कड गाडीला, दुसरी जमिनीला. कोणी आत चढलं की स्प्रिंगवर गाडी खाली बसते, बिजागरीची कड तिच्याबरोबर खाली आणि पायाची कड आहे तिथेच. कप घसरत दाराकडे. चढणारा मात्र निवांत.

साखळ्या शेवटी काढूनच टाकल्या. टेबल मिटलं की त्या दारावर लोंबायच्या आणि चालत्या गाडीत अखंड खणखणाट. आता पॉलिस्टरच्या नवारीचे पट्टे आहेत, सरकत्या बकलासकट. नायलॉन ओलं झालं की जरा ताणतं, पॉलिस्टर फारसं नाही. बकलाचा एक फायदा मी आधी धरलाच नव्हता: गाडी एका बाजूला कललेली असली तर पट्टा कमी-जास्त करून टेबल समपातळीत आणता येतं. गाडीचं नाक वर किंवा खाली असेल तेव्हा मात्र पट्ट्यांचा उपयोग नाही, चाकाखाली फळी घालावी लागते. पट्टे जळतात म्हणून शेगडी या टेबलावरून बंद. तशीही तिथे वाऱ्याने ज्योत धड राहत नव्हती.

वाऱ्याचा त्रास खरा आहे. उघडं दार म्हणजे शीडच. एकदा अडकण सुटली आणि टेबलावरच्या सगळ्या सामानासकट दार फिरलं. तेव्हापासून टेबल खाली सोडायच्या आधी दाराला दोरीचा फास, मग बाकीचं. गाडी आडवी कललेली असेल तर वारा नसतानाही हे करा, दार उताराकडे जातंच.

कडी एकच होती तेव्हा खड्ड्यात ती उघडली. दार उघडल्याबरोबर फळी माझ्या मनगटावर. आता दोन कड्या आहेत, आणि फळीच्या मागे फोमची पट्टी अशी लावली आहे की कडी लावताना जरा दाबावं लागतं. त्या दाबानेच खडखड गेली.

फळीला वरून लॅमिनेट लावलं आणि खालची बाजू तशीच सोडली, हा शुद्ध आळस. पावसाळी दिवसांत ती वाकली. दोन्ही अंगांना सारखं लॅमिनेट लावलं तर वाकत नाही, हे सुतारकाम करणाऱ्या कुणीही सांगितलं असतं. नवी फळी तशीच केली, कडांना पॉलियुरेथेन वार्निशचे तीन हात दिले.

वापर म्हणाल तर रोजचा आहे. भाजी चिरणं, दाढी, नकाशा, ओले बूट काढताना हातातलं सामान ठेवणं. जोराचा पाऊस असेल तर शून्य उपयोग, दार उघडंच ठेवता येत नाही. आणि घाईत निघायचं असेल तर आधी टेबल रिकामं करा, मग मिटा, मग दार. याची सवय व्हायला मला वेळ लागला. टेबलावर कोपर टेकून उभं राहायचं नाही हा घरातला नियम आहे. पाहुण्यांना दर वेळी सांगावा लागतो. दाराच्या बिजागऱ्या अजून खाली बसलेल्या नाहीत, दोन झडपांमधली फट मी महिन्यातून एकदा बघते.

दुसऱ्या झडपेवरही एक टेबल करू का, असं दादाने परवा विचारलं. नको म्हटलं. आतून दार उघडायचा खटका त्याच झडपेवर आहे आणि रात्री अंधारात हात तिथेच जातो.