ब्रॅकेट चिकटवायला काय घ्यावं: रेझिन, सेल्फ-एच की ग्लास आयनोमर?

दात सरळ करायच्या तारेसाठी दातावर बसवायचा छोटा ब्रॅकेट कशानं चिकटवायचा, हे ठरवताना डीलर एकच गोष्ट पुढे करतो: बाँड स्ट्रेंथ, म्हणजे चिकटण्याची ताकद. आमचं इतके मेगापास्कल (ती मोजायचं एकक), त्यांचं तितके. त्यावर मटेरियल ठरवू नका. 5.9 ते 7.8 मेगापास्कल क्लिनिकमध्ये पुरतात, असं संशोधक रेनॉल्ड्सनं 1975 मध्ये मांडलं. आजही सगळे तोच मापदंड धरतात आणि बरी लाइट-क्युअर (प्रकाशानं घट्ट होणारी) रेझिनं तो सहज ओलांडतात. त्यापुढची ताकद उलट महागात पडू शकते. शेवटी ब्रॅकेट काढायचाच असतो, आणि सिरॅमिक ब्रॅकेटसोबत इनॅमलचा (दाताच्या वरच्या कठीण थराचा) टवका निघाला तर पेशंटला काय सांगणार?

खरा प्रश्न ओलाव्याचा. नेहमीच्या पद्धतीत 37 टक्के फॉस्फोरिक अॅसिड 15 ते 30 सेकंद लावायचं (हेच एचिंग, त्यानं इनॅमल खरखरीत होतं), धुवायचं, वाळवायचं. इनॅमल पांढुरकं, निस्तेज दिसलं की प्रायमर (रेझिनला धरून ठेवणारा पातळ थर), मग रेझिन लावलेला ब्रॅकेट दाबून बसवायचा. कडेनं आलेलं जादा मटेरियल लाइट मारण्याआधीच स्केलरनं (खरवडायच्या अवजारानं) काढा, नाहीतर तिथे प्लाक (जंतूंचा थर) साचलाच म्हणून समजा. ही पद्धत सगळ्यात भरवशाची, पण एचिंगनंतर लाळेचा थेंब लागला की पुन्हा एच करणं आलं. समोरच्या दातांना हा त्रास नाही. खालच्या दुसऱ्या प्रीमोलरला (छोट्या दाढेला) मात्र घाम फुटतो (आपल्याला, पेशंटला नाही).

सेल्फ-एच प्रायमरमध्ये अॅसिड आणि प्रायमर एकत्र असतं. घासायचं, हवेनं पातळ करायचं, धुण्याची पायरीच नाही. वेळ वाचतो, चुळबुळ्या पोरांसाठी सोयीचं, आणि ब्रॅकेट सुटण्याच्या प्रमाणात फारसा फरक दिसत नाही. फक्त आधी प्युमिसच्या भुकटीनं दात साफ करायचा आळस इथे चालत नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडचे फ्लोरोसिसचे (पाण्यातल्या जास्त फ्लोराइडनं दात बिघडलेले) पेशंट येत असतील तर मी सेल्फ-एच बाजूला ठेवेन. ते इनॅमल सौम्य अॅसिडला नीट दाद देत नाही; तिथे फॉस्फोरिकच, तेही जरा जास्त वेळ.

रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयनोमर (रेझिन मिसळलेलं दाताचं सिमेंट) ओलसर दातावरही चालतं, फ्लोराइड सोडतं आणि शेवटी काढायला सोपं जातं. ताकद मात्र रेझिनपेक्षा कमी. सौम्य पॉलिअॅक्रिलिक अॅसिडऐवजी फॉस्फोरिकनं एच केलं तर ती बरीच सुधारते. अर्धवट उगवलेल्या दाढा, लाळ आवरत नाही असं तोंड, ब्रशची बोंब असलेला पेशंट: इथे हेच वापरा. पण फ्लोराइड सुटतंय म्हणून पांढरे डाग (किडीची सुरुवात) पडणारच नाहीत, असं पालकांना सांगू नका.

नो-मिक्स केमिकल-क्युअर रेझिन (न कालवता आपोआप घट्ट होणारं) स्वस्त आणि त्याला लाइट लागत नाही. पण एकदा दाबलं की ब्रॅकेट सरकवायला वेळ मिळत नाही. हात बसला नसेल तर नकोच.

एकच किट घ्यायचं तर लाइट-क्युअर रेझिन आणि फॉस्फोरिक. दुसरं परवडलं तर ग्लास आयनोमर. आणि एकाच दाताचा ब्रॅकेट पुन्हा पुन्हा सुटत असेल तर मटेरियल बदलण्याआधी चावा तपासा. वरचा दात खालच्या ब्रॅकेटवर आदळत असेल तर कुठलंच मटेरियल टिकणार नाही. दाढेवर बाइट ब्लॉक (चावा थोडा उघडा ठेवणारा उंचवटा) द्या.