लीला, आरटीएक्स ३०६० आणि रात्रीत भरणारी रॅम : आठ महिन्यांनंतर

लीला हे बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे चाली शोधणारा प्रोग्राम. तिच्यासाठी घेतलेलं ग्राफिक्स कार्ड म्हणजे आरटीएक्स ३०६०. आधी तक्रार. रात्रभर विश्लेषणाला लावलेला संगणक सकाळी गोठलेला, माउसही हलत नाही. सांगलीतल्या दुकानात कॅबिनेट उघडायच्या आतच निदान तयार : 'एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेलाय, मोठा टाका.' टाकला. पुन्हा तेच.

दोषी निघाली रॅम. लीला पाहिलेली पटावरची प्रत्येक स्थिती चालींच्या फांद्यांच्या झाडात जपून ठेवते, आणि ते झाड कार्डाच्या १२ जीबीत नाही, संगणकाच्या रॅममध्ये वाढतं. कार्डावर फक्त स्थिती जोखणारं न्यूरल नेटवर्क. सेकंदाला ५ हजार नोड (झाडातल्या स्थिती) धरले तरी तासाला १ कोटी ८० लाख होतात. १६ जीबी पहाटेपर्यंत कुठली पुरायला? टास्क मॅनेजरमध्ये रॅमची पट्टी वर टेकते, मग डिस्क १०० टक्के, मग सगळं ठप्प. स्टॉकफिश या दुसऱ्या इंजिनाला हा रोग नाही, कारण हॅश (त्याची ठरावीक आकाराची नोंदवही) भरला की जुन्या नोंदींवरच नव्या लिहिल्या जातात. उपाय फुकटचा आहे. इंजिनच्या सेटिंगमध्ये 'रॅमलिमिटएमबी' मुळात ० असतं, म्हणजे मर्यादाच नाही. १६ जीबीच्या मशीनवर तिथे १०००० टाका. मर्यादा गाठली की शोध थांबतो, उत्तर शाबूत राहतं. हे ० कोणाच्या डोक्यातून आलं, देव जाणे.

पहिल्या महिन्यात माझं मत होतं, पैसे पाण्यात. स्टॉकफिश साध्या प्रोसेसरवर सेकंदाला लाखो नोड दाखवतो, लीला काही हजार. ती तुलनाच चुकीची. २०२० पासून स्टॉकफिशमध्येही नेटवर्क आहे, पण इतकं छोटं की एका चालीनंतर त्यातला थोडाच भाग नव्याने मोजावा लागतो. तेवढ्यासाठी कार्डापर्यंत हेलपाटा घालणं महाग. शिवाय आधीच्या फांदीचा निकाल लागल्याशिवाय स्टॉकफिशला पुढची छाटता येत नाही, आणि कार्डाला शेकडो स्थिती एकगठ्ठा हव्या असतात. लीला तसे गठ्ठेच पाठवते.

मत फिरलं ते मल्टीपीव्हीमुळे, म्हणजे एकाच वेळी अनेक चांगल्या चाली दाखवायच्या सोयीमुळे. स्टॉकफिशला पाच चाली मागितल्या की शोधाची खोली घटते. लीलाला जवळजवळ काहीच फरक पडत नाही, कारण तिच्या भेटी (एकेक चाल तपासण्याच्या फेऱ्या) सगळ्या चालींत आधीच वाटलेल्या असतात. ओपनिंगच्या तयारीला हे सोनं आहे. डावपेच तपासायला मात्र स्टॉकफिशच. त्यासाठी कार्ड घेऊ नका. जिंकलेल्या एंडगेममध्येही लीला उगाच रेंगाळते. पाच मोहऱ्यांपर्यंतचे सिझिगी टेबलबेस (एंडगेमच्या तयार उत्तरांच्या फाइली) जोडा, जेमतेम १ जीबी लागतात.

लीलाच्या सेटिंगमध्ये बॅकएंड (नेटवर्क कार्डावर चालवणारा भाग) 'कुडा-एफपी१६' निवडा, थ्रेड २ पुरेत.

विजेचं : कार्ड १७० वॅटचं, पूर्ण मशीन २५० धरा. रात्री ८ तास म्हणजे २ युनिट, महिन्याला ६०. शंभर युनिटच्या स्लॅबमध्ये जेमतेम बसणाऱ्या घराचे वाढीव युनिट वरच्या दराने लागतात. आफ्टरबर्नर या कार्ड सेट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्के केली की कार्ड ११९ वॅटवर येतं. वेग थोडा पडतो, पण एप्रिलच्या उकाड्यात पंख्यांची घरघर भिंतीपलीकडे जात नाही.