हायब्रिड सायकलचे रंगीत टायर: काही महिन्यांच्या वापरानंतर

रंगीत टायर घ्यावेत का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते. फक्त टायरच्या कुठल्या भागावर रंग असावा, याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. बाजूंना हवा तो रंग घ्या, रस्त्याला टेकणारा पट्टा काळाच ठेवा.

आमच्या घरात दोन हायब्रिड सायकली (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधला प्रकार) आहेत आणि दोन्हींचे मूळ टायर एकाच सुमारास संपले. माझ्या गडद हिरव्या सायकलला मी काळ्या ट्रेडचे (म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याचे) आणि फिक्या तपकिरी साइडवॉलचे (म्हणजे बाजूंचे) टायर बसवले. धाकट्या बहिणीला तिच्या आकाशी सायकलवर अख्खे क्रीम रंगाचे टायर हवे होते, तिने तेच घेतले. रस्ते आमचे सारखेच, वापरही साधारण सारखाच: कामावर जाणं-येणं, सुट्टीला थोडी लांबची फेरी, मध्येच एखादी कच्ची वाट. भर उन्हात आणि पावसात दोन्ही जोड्या सारख्याच फिरल्या, त्यामुळे तुलना आपोआप होत गेली.

टायर निवडताना रंगाच्या आधी माप बघा. रंगीत टायरांच्या बाबतीत हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण फोटो बघून मन आधी ठरतं आणि आकडे मागे राहतात. जुन्या टायरच्या बाजूवर 38-622 असं काहीतरी उठावाने छापलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायरची कडा जिथे बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. त्याच टायरवर 700×38C असंही लिहिलेलं असतं आणि कधीकधी 28 इंचही, पण भरवसा ठेवायचा तो 622 वर. 29 इंची माउंटन बाइकचा आकडाही 622 च आहे. 27.5 इंचीचा 584 आणि 26 इंची माउंटन बाइकचा 559, म्हणजे ते टायर हायब्रिडच्या रिमवर बसणारच नाहीत.

गंमत अशी की सगळ्यात जास्त रंग मिळतात ते एकतर 26 इंची क्रूझर सायकलींच्या जाड टायरांत, नाहीतर सिंगल स्पीड सायकलींच्या 23 ते 28 मिलिमीटरच्या बारीक टायरांत. हायब्रिडला लागणाऱ्या 35 ते 42 मिलिमीटरमध्ये निवड एकदम आटते. बारीक टायरचा व्यास जुळतो, म्हणून तो घ्यायचा मोह होतो. पण हायब्रिडची रिम त्यासाठी बऱ्याचदा रुंद पडते, हवा खूप जास्त भरावी लागते आणि खड्ड्याचा प्रत्येक हादरा मनगटापर्यंत येतो. निवांत फिरायच्या सायकलला हे कशाला? मनासारखा रंग आपल्या मापात नसेल तर दुसरा रंग बघावा.

रुंदी दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर चालतं, पण फ्रेम, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि मडगार्ड यांच्यापासून टायरला पाच-सहा मिलिमीटर तरी मोकळी जागा राहिली पाहिजे. माझे टायर मूळ मापाचेच होते, 38 चे. बहिणीला क्रीम रंग 40 च्या खाली मिळेना. चाकं बसली, फिरली, पण पुढचं मडगार्ड सैल करून थोडं वर घ्यावं लागलं. तेवढी जागा होती म्हणून निभावलं.

आता काळ्या रंगाबद्दल, कारण सगळं इथेच येऊन थांबतं. रबर मुळात काळं नसतंच. चिकापासून बनलेलं रबर पांढरट-पिवळसर असतं आणि सुरुवातीच्या काळातले टायरही पांढरट किंवा करडेच असायचे. 1910 च्या दशकापासून त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय बारीक काजळी, मिसळायला लागले, आणि टायरचं आयुष्य कितीतरी पटींनी वाढलं. आजही साध्या काळ्या ट्रेडच्या रबरात वजनाने पाव ते एक तृतीयांश भाग ही काजळी असते. तिच्यामुळे रबर घासायला चिवट होतं आणि उन्हातले अतिनील किरण ती स्वतःच शोषून घेते. रंगीत टायरमध्ये ती घालताच येत नाही, कारण थोडीशी जरी पडली तरी रंग मेला. मग तिच्या जागी सिलिका, म्हणजे वाळूच्याच घटकाची पांढरी बारीक पूड, वापरतात. सिलिका वाईट नाही, उलट ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी ती चांगली समजली जाते आणि 1990 च्या दशकापासून मोटारींच्या टायरांतही ती भरपूर वापरतात. पण तिथे ती बऱ्याचदा कार्बन ब्लॅकच्या जोडीने असते. अख्ख्या रंगीत टायरला ही सोबत नाही, त्यामुळे उन्हाचा मारा त्याला जास्त बसतो.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. हवेतल्या ओझोनमुळे ताणलेल्या रबराला बारीक भेगा पडतात. त्या रोखण्यासाठी काळ्या टायरात जी रसायनं घालतात, त्यातली सगळ्यात प्रभावी रसायनं हळूहळू पृष्ठभागावर येऊन तपकिरी डाग पाडतात. काळ्यावर ते दिसत नाहीत, क्रीमवर लगेच दिसतील. म्हणून फिक्या रबरात ती टाळावी लागतात आणि मेणासारख्या सौम्य उपायांवर भागवावं लागतं. रंगीत टायर लवकर तडकतात ही तक्रार नेहमी ऐकू येते, तिच्यामागे हे एक कारण आहे.

काळा ट्रेड आणि रंगीत बाजू ही रचना मला पटते ती म्हणूनच. झीज होते त्या जागी काजळीचं चिवट रबर, आणि नजर जाते त्या जागी रंग. यातही दोन प्रकार आहेत. एकात कापडी सांगाड्यावर तपकिरी रबराचा थर असतो, दुसऱ्यात जवळजवळ उघडं कापडच दिसतं, वर नुसता पातळ लेप. दुसरा प्रकार हलका आणि लवचिक, पण खडी-दगडाला नाजूक. रोजच्या सायकलला पहिलाच बरा, आणि माझे टायर त्या पहिल्या प्रकारातले आहेत. श्वाल्बे, पॅनारेसर, काँटिनेंटल या टायर कंपन्यांकडे हायब्रिडच्या मापात तपकिरी बाजूचे टायर आढळतात, त्यामुळे या रंगासाठी फार वणवण करावी लागत नाही.

चालवताना काय फरक पडला? माझ्या सायकलवर रंगामुळे काहीच नाही, आणि तसंच असायला हवं. कोरड्यात, ओल्यात, वळणावर ती पूर्वीसारखीच वागते. बहिणीच्या क्रीम टायरांची ओल्या रस्त्यावर मला खरी काळजी होती, म्हणून तिची सायकल मी पावसात मुद्दाम चालवून पाहिली. पकड चांगली आहे. उतारावर ब्रेक लावले तरी चाक सरकलं नाही. रंगीत टायर घसरतात असं सरसकट म्हणणं अन्याय्य आहे. रबराचं मिश्रण कसं आहे त्यावर ते ठरतं, आणि नुसता शोभेसाठी केलेला स्वस्त काळा टायरही घसरतोच.

झीज मात्र उघड दिसते. तिच्या मागच्या टायरचा मधला भाग सपाट व्हायला लागलाय आणि नक्षीच्या बारीक रेघा मध्यावर पुसट झाल्यात. माझ्या मागच्या टायरवर त्या अजून बोटाला लागतात. माझं वजन तिच्यापेक्षा जास्त आहे आणि मागे सामानाची पिशवीही माझ्याच सायकलला असते, तरी हा फरक आहे. मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर झिजतो हे सगळ्याच सायकलींचं आहे, पण क्रीम टायर त्या मानानेही लवकर गोटा होईल असं दिसतंय.

क्रीम टायरची एक बाजू मात्र मला मनापासून आवडली. फिक्या रबरावर काच लगेच दिसते. एकदा हवा भरताना चाक फिरवलं तर मागच्या टायरवर तांदळाच्या कणीएवढा हिरवट तुकडा चमकला. भोवती कापल्याची काळी रेघ स्पष्ट दिसत होती. टोकदार पिनेने तो अलगद उचकटून काढला. आत पंक्चररोधक पट्टा होता, तिथपर्यंत तो पोचलाच नव्हता. काळ्या टायरवर असा तुकडा बोट फिरवल्याशिवाय सापडत नाही, आणि तोवर तो प्रत्येक फेरीला थोडाथोडा आत जात राहतो. हा पंक्चररोधक पट्टा आहे की नाही हे रंगीत टायर घेताना नक्की बघा. दिसण्यासाठीच बनवलेल्या बऱ्याच टायरांत तो नसतो.

मळण्याबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात. क्रीम ट्रेडचं नवेपण पहिल्या ओल्या फेरीतच जातं. रस्त्याला टेकणारा पट्टा करडा होतो आणि मग तसाच राहतो. धुतला तर थोडा उजळतो, पुन्हा होतो. बहिणीने ते मान्य केलंय आणि फक्त बाजू स्वच्छ ठेवते. तिच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत, म्हणून बाजू तरी स्वच्छ राहतात. माझ्या सायकलला रिमवर दाबणारे ब्रेक आहेत. पावसात ब्रेकच्या रबराची आणि रिमच्या ॲल्युमिनियमची झीज पाण्यात मिसळून काळपट राड तयार होते आणि रिमलगत टायरवर तिचं कडं बसतं. तपकिरीवर ते खपून जातं. पांढऱ्या बाजूवर ते रोज डोळ्यात आलं असतं. रिम ब्रेक असतील तर पांढरा रंग घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. शिवाय ब्रेकचं रबर टायरला घासत नाही ना, हे नवा टायर बसवल्यावर लगेच तपासा, विशेषतः टायर आधीच्यापेक्षा रुंद असेल तर. साइडवॉल कापली गेली की तो टायर गेलाच.

धुवायला कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश पुरतो. हट्टी डागावर मेलामाइनचा पांढरा स्पंज हलक्या हाताने चालतो. पेट्रोल, थिनर असलं काही लावू नये, रबर खराब होतं. मोटारींचे टायर चमकवायचे स्प्रे तर सायकलवर नकोतच. ट्रेडवर थेंब गेला तर घसरायची भीती, आणि रिमवर गेला तर ब्रेक लागत नाही. चेनला तेल देताना मागच्या टायरवर कापड धरायची सवय आम्हा दोघींना आता लागली आहे, कारण तपकिरी आणि क्रीम दोन्हींवर तेलाचा डाग कायमचा बसतो.

बाकीच्या रंगांबद्दल थोडं. आमच्या ओळखीत एकाकडे लाल ट्रेडचे टायर आहेत. नवे असताना सुंदर दिसायचे. सायकल रोज उघड्यावर एकाच बाजूने उभी असते, आणि आता उन्हाकडची बाजू फिक्या विटेसारखी झालीय, दुसरी अजून लाल. निळा त्या मानाने टिकतो पण मळकट वाटायला लागतो. फ्लोरोसंट रंग सगळ्यात आधी उडतात. पांढरा पिवळा पडतो. तपकिरी आणि क्रीम हे दोन रंग बदलले तरी आपल्याच छटेत बदलतात, म्हणून जुने झाल्यावरही बरे दिसतात. सायकल सावलीत ठेवता येत असेल तर लाल-निळ्याचा विचार जरूर करा. एरवी नको.

रंगीत टायरमुळे रात्री सायकल जास्त दिसते असं काहींना वाटतं. तसं नाही. काळ्या टायरांना पुष्कळदा बाजूने प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असते, ती रंगीत टायरांत बऱ्याचदा नसते. माझ्या जुन्या टायरांना होती, नव्यांना नाही, म्हणून मी दोन्ही चाकांच्या आऱ्यांवर परावर्तक लावून घेतले. आधी रात्री बाजूने येणाऱ्याला चाक चमकताना दिसायचं, तो आधार काढून घ्यायचा तर त्या जागी काहीतरी हवंच.

हवेकडे रंगीत बाजूच्या टायरांत जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. हवा कमी असली की बाजू दबत-वाकत राहते आणि तपकिरी रबरावर केसासारख्या बारीक भेगा दिसायला लागतात. माझ्या मागच्या टायरवर व्हॉल्व्हच्या आसपास अशा दोन-तीन भेगा आल्या आहेत. वरवरच्या आहेत, कापड दिसत नाही, पण लक्ष ठेवून आहे. पुढे 50 आणि मागे 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) मला मानवतं. तुमचा आकडा वजनाप्रमाणे बदलेल, टायरवर छापलेल्या कमाल आणि किमान मर्यादेच्या आत राहा म्हणजे झालं. पंपाला मीटर असलेला बरा.

सायकल आता दिसते छान, हे मी आनंदाने सांगते. हिरव्या फ्रेमखाली ती तपकिरी कडी बघून अजूनही बरं वाटतं, आणि बहीण तर पूर्वी जवळच्या कामाला गाडी काढायची तिथे आता सायकल काढते. टायर बदलून एवढं होत असेल तर क्रीम रंगाची लवकर होणारी झीज तिला परवडते असं तिचं म्हणणं आहे. मला ते पटतं. तिला पुन्हा घ्यायचे झाले तर ती क्रीमच घेणार, फक्त या वेळी काळ्या ट्रेडचे.

घेताना जोडीने घ्या, आणि जमलं तर एक जास्तीचा. रंगीत टायरांचे रंग कंपन्या सारख्या बदलतात, पुढच्या खेपेला तीच छटा मिळेलच असं नाही, आणि जुन्या क्रीमशेजारी नवा क्रीम वेगळाच दिसतो. मागचा गोटा झाला की पुढचा टायर मागे टाकावा आणि नवा पुढे बसवावा, कारण पुढचं चाक सरकलं तर सावरणं अवघड. जास्तीचा टायर अंधाऱ्या, थंड जागी, मिक्सरसारख्या उपकरणांमधल्या विजेच्या मोटर्सपासून लांब ठेवावा. त्यांच्यातल्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि फिक्या रबराला तोच खातो. आमचा एक क्रीम टायर सध्या कपाटाच्या तळाशी काळ्या पिशवीत आहे, घडी न घालता, गोल ठेवलेला.